गाडीला एलईडी बसवून देणाऱ्या माझ्या दुकानदार भावांना खुलं पत्र

प्रति,
कराड, पाटण, सातारा, इस्लामपूर, कोल्हापूर आणि एकूणच महाराष्ट्रातले समस्त गाडी ॲक्सेसरीजवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि फिटर मंडळी यांना,

नमस्कार.

मी गुरांचा डॉक्टर आहे, पाटण खोऱ्यात प्रॅक्टिस करतो. गुरांच्या दुखण्याला दिवस-रात्र नसते हे तुमच्यातल्या ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना सांगायला नको. रात्री एकला फोन येतो, म्हैस अडलीय, वासराचा पाय मागं राहिलाय, नाहीतर गाय फुगलीय, लवकर या डॉक्टर, आणि मग मी उठतो, बॅग टाकतो गाडीत आणि निघतो. आठवड्यातून तीन-चार रात्री तरी माझ्या रस्त्यावर जातात, कधी कोयनेच्या बाजूला, कधी कराडकडे, कधी कुंभार्ली घाटाच्या तोंडापर्यंत. त्यामुळे गाडीचा लाईट हा माझ्यासाठी शौकाचा विषय नाही, स्टेथोस्कोपइतकाच कामाचा आहे, आणि म्हणूनच तुम्हाला लिहायला बसलोय. आरटीओला लिहू शकलो असतो, त्यांच्याकडेही एक मागणं आहे ते शेवटी सांगतो, पण खरं बघाल तर कुठल्या गाडीत कुठला बल्ब जाणार हे आरटीओ ठरवत नाही, तुम्ही ठरवता. गिऱ्हाईक काउंटरला येऊन एवढंच म्हणतं की "दादा, लाईट कमी पडतोय", पुढचं सगळं तुमच्या हातात असतं.

मी पण असाच आलो होतो एका दुकानात. माझी छोटी गाडी २०११ची, एच४ नावाच्या हॅलोजन बल्बची, ६०/५५ वॅट, म्हणजे अप्परला (लांबच्या उजेडाला) ६० आणि डिपरला (खाली पडणाऱ्या उजेडाला) ५५. रात्री समोरचं नीट दिसेना, पिवळट मरतुकडा उजेड पडायचा, एकदा रानडुक्कर अगदी बंपरजवळ आल्यावर दिसलं. दुकानदाराने एलईडीचा बॉक्स काढला, त्यावर २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं, ६००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), दहा मिनिटांत बसवून दिले, साडेतीन हजार घेतले, लाईट चालू केला तर समोरची भिंत दुधासारखी पांढरी झाली आणि मी खूष होऊन घरी गेलो. त्याने मला फसवलं असं मी म्हणत नाही, त्यालाही मनापासून वाटत होतं की चांगला माल दिला.

दोन महिने मी तसाच फिरलो. मग ऊसाच्या सीझनमध्ये एका रात्री कराडहून परत येताना समोरून एक मोठी गाडी आली, तिला पण असेच पांढरे बल्ब, आणि माझ्या डोळ्यांपुढे अक्षरशः काही राहिलं नाही. रस्ता नाही, साईडपट्टी नाही, झाडाचे पांढरे पट्टे नाहीत, काहीच नाही. मी पाय काढला ॲक्सिलरेटरवरून, ब्रेकवर ठेवला, आणि ती गाडी पास झाली तेव्हा माझ्या पुढ्यात वीस-पंचवीस फुटांवर ऊसाने भरलेली ट्रॉली होती, मागे ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, ऊसाचं वाडं, म्हणजे शेंड्याची पानं, लोंबत होती तेवढी दिसली. गाडी थांबली, कशी थांबली ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो. हिशोब साधा आहे, ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, डोळ्यांवरची अंधारी जायला तीन सेकंद लागले तरी ६६ मीटर तुम्ही आंधळे चालवलेत. माझा स्पीड त्या दिवशी पन्नासच्या आसपास होता म्हणून हे पत्र लिहितोय.

त्या मोठ्या गाडीवाल्याला मी मनात खूप शिव्या दिल्या. आणि चार दिवसांनी एका वस्तीवर गेलो होतो, काम झाल्यावर चहा देताना तिथला म्हातारा शेतकरी, ज्याला मी आबा म्हणतो, सहज बोलला, "डॉक्टर, तुमची गाडी आली की लांबनं कळतंय बघा, आम्ही सायकल खाली घेतो नि डोळं मिटून हुबं ऱ्हातो." त्याने कौतुकाने सांगितलं. मला घोट गिळवेना. म्हणजे ज्याला मी शिव्या घालत होतो तोच मी होतो, रोज, ह्याच रस्त्यावर, ह्याच माणसांना.

मग मी ह्या विषयाच्या मागेच लागलो आणि जे समजलं ते तुम्हाला सांगतोय, तुमच्यातल्या जुन्या इलेक्ट्रिशियन लोकांना यातलं बरंच माहीत असणार, पण काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं असा माझा अनुभव आहे.

एच४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन फिलामेंट असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि डिपरच्या फिलामेंटच्या खाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. म्हणून डिपरला समोर भिंतीवर एक रेघ दिसते, रेघेच्या खाली उजेड, वर अंधार. हेडलाईट बनवणाऱ्याने रिफ्लेक्टरचा एक एक कोन त्या दाण्याएवढ्या फिलामेंटची जागा धरून काढलेला असतो, एखाद मिलिमीटरने जागा हलली तरी सगळं गणित बिघडतं. आता त्याच जागी एलईडी घातला की उजेड सगळीकडून निघण्याऐवजी दोन चपट्या बाजूंनी निघतो, चिपची जाडी वेगळी, जागा वेगळी, वाटी नकली, आणि मग उजेड रेघेच्या वर सांडतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. चालवणाऱ्याला वाटतं वा काय लाईट आहे, कारण गाडीच्या पुढची पंधरा-वीस मीटर जमीन एकदम पांढरीफेक दिसते. पण जवळचं इतकं झगझगीत दिसलं की आपलाच डोळा आखडतो आणि लांबचं, जिथे खरं बघायचं असतं, ते उलट अजून काळं होतं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, रानडुक्कर पूर्वीपेक्षा लवकर दिसायला लागलं असं अजिबात नव्हतं.

आणि त्या २०,००० ल्युमेनबद्दल. चांगला एच४ बल्ब डिपरला साधारण १००० आणि अप्परला १६५० ल्युमेन देतो. कंपनी फिटेड झेनॉन, ज्याला आपण एचआयडी म्हणतो, ३५ वॅटचा, तो ३२०० च्या आसपास. मग बोटाएवढ्या एलईडीतून २०,००० कुठून येणार, तेवढी उष्णता मागच्या त्या चिमुकल्या पंख्याने जाईल का, तुम्हीच सांगा, तुम्ही रोज हाताळता. सहा महिन्यांत पंखा धुळीने बसतो आणि एक बाजू फडफडायला लागते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असणार.

गिऱ्हाईक म्हणतं परदेशात लावतात की. जर्मनीत २०२० पर्यंत हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घालून रस्त्यावर यायला परवानगीच नव्हती. २०२० मध्ये ओसराम या बल्ब कंपनीच्या एका बल्बला मिळाली, ती पण सरसकट नाही, कुठल्या गाडीच्या कुठल्या हेडलाईटमध्ये चालेल ते तपासून, यादी करून. म्हणजे तिकडे बल्ब आणि हेडलाईट ही जोडी तपासतात, नुसता बल्ब नाही. आपल्याकडे कायदा नाही असंही नाही, मोटार वाहन नियमांत १०६ नंबरचा नियम आहे, दिव्याच्या पुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याला तो दिवा दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या हनुवटीएवढं, म्हणजे आमचा आबा सायकल धरून उभा राहतो तेव्हा त्याचा डोळा जवळपास तिथेच. २०१९ पासून गाडीत मनाने बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली एका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण दंडाची भीती घालायला मी हे लिहीत नाहीये, रात्री एकला घाटात पोलीस नसतो, आपणच असतो.

आता माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते ऐका कारण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते हेच. मी एलईडी काढले आणि एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, साठीचे गृहस्थ, दुकानाला धड बोर्ड पण नाही. त्यांनी बल्बचा बॉक्स काढला नाही, मल्टिमीटर काढला. गाडी चालू ठेवून बॅटरीवर लावला, १३.९ व्होल्ट. मग लाईट चालू ठेवून बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगवर, लावला, ११.४. मला म्हणाले, "डॉक्टर, पेशंट उपाशी आहे, औषध काय देताय." अडीच व्होल्ट वाटेतच गायब. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून येतो, बारीक वायर, जुने कॉन्टॅक्ट, गंजलेलं अर्थिंग, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं. आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज जरा कमी झालं की उजेड त्याच्या कितीतरी पट कमी होतो, पाच टक्के व्होल्टेज पडलं तर उजेड पंधरा-सोळा टक्के पडतो. माझ्या बाबतीत हिशोब केला तर उजेड जवळपास निम्माच उरला होता! बल्ब बिचारा चांगलाच होता.

त्यांनी रिलेचं (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचचं) वायरिंग किट टाकलं, बॅटरीवरून थेट जाड वायर, फ्यूज, दोन रिले, जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा करतो, अर्थिंग नवीन घासून घेतलं, आणि साधे ६०/५५ चेच दोन नवीन बल्ब, दोन्ही एकदम बदलले, एक जुना एक नवा ठेवला नाही. बल्बच्या काचेला बोट लावू दिलं नाही मला, बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथे डाग धरतो आणि बल्ब लवकर जातो. मग हेडलाईटची काच, ती काच नसतेच, पॉलीकार्बोनेट प्लास्टिक असतं, उन्हाने पिवळं धुरकट झालेलं, ते पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर मारून, आठशे नंबर, हजार, दोन हजार, तीन हजार असं बारीक करत नेऊन, पॉलिश करून वर यूव्ही कोट मारला. हा कोट महत्त्वाचा, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळं होतं, टूथपेस्टने घासून तर पंधरा दिवस पण टिकत नाही. सगळं मिळून एलईडीच्या पैशांपेक्षा कमी झालं आणि त्यात त्यांची मजुरी पण आली.

आणि शेवटी फोकस. हे तर जवळपास कोणीच करत नाही. त्यांनी गाडी सपाट जागी भिंतीला जवळजवळ टेकवली, चाकात हवा बरोबर आहे का बघितलं, मला ड्रायव्हर सीटवर बसवलं, लाईट लेव्हलचा डायल शून्यावर ठेवला, दोन्ही हेडलाईटच्या मध्याची खूण भिंतीवर खडूने केली आणि गाडी सरळ मागे दहा मीटर घेतली. डिपरची रेघ त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला पाहिजे, म्हणजे एक टक्का उतार, तुमच्या हेडलाईटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर १.० टक्के, १.२ टक्के असं छापलेलंच असतं ते बघायचं. माझा डावा लाईट खुणेच्या वर होता आणि उजवा तीन फुटांवर जमीन बघत होता. मागच्या वर्षी बंपरचं काम झालं होतं तेव्हाच हललं असणार. हेडलाईटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी, पाच मिनिटांचं काम. रेघ उजवीकडे सपाट आणि डावीकडे जरा वर चढलेली पाहिजे, आपण डाव्या बाजूने चालवतो म्हणून, डावीकडची पायी माणसं आणि बोर्ड दिसावेत आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत. बाहेरून येणारे काही प्रोजेक्टर, म्हणजे भिंगवाले हेडलाईट, उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात, त्यांची चढती बाजू उजवीकडे असते, ते स्वस्त मिळतात म्हणून इथे बसवले तर उजेडाची ती चढती धार थेट समोरच्याच्या तोंडावर जाते, हे माल भरताना बघाल का प्लीज.

त्या रात्री मी मुद्दाम कोयनेच्या रोडला गेलो. उजेड पिवळसरच होता, पण लांबवर एकसारखा पसरलेला, साईडपट्टी दिसत होती, वळणावरचे दगड दिसत होते, आणि समोरून येणाऱ्या एकानेही मला अप्पर मारून शिवी दिली नाही. पावसात तर फरक फार जाणवला, त्या निळसर पांढऱ्या उजेडात ओला डांबरी रस्ता माझ्या डोळ्यांना नुसता काळा दिसायचा, खड्डा आणि पाणी वेगळं कळत नव्हतं.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, गिऱ्हाईक म्हणालं लाईट कमी पडतोय तर बॉक्सला हात घालायच्या आधी मल्टिमीटरला घाला. धंदा बुडेल असं वाटतं का तुम्हाला? मला नाही वाटत. रिले किट तुम्हीच विकणार, काच पॉलिश तुम्हीच करणार, चांगल्या कंपनीचा हॅलोजन तुम्हीच देणार, ज्याला अजून हवंय त्याला ते जास्त उजेडाचे प्लसवाले हॅलोजन द्या, फक्त हे सांगून द्या की त्यांचं आयुष्य कमी असतं. निळा कोट मारलेले "सुपर व्हाईट" देऊ नका, तो निळा रंग उजेड खातो, वाढवत नाही. १००/९० वॅटचे पण नकोत, होल्डर वितळलेले आणि रिफ्लेक्टर काळे पडलेले तुमच्याच भंगारात पडलेले असतील. आणि एच४ बसवताना त्या तीन कानांच्या खाचा नीट बसल्यात का आणि मागचं रबर परत लावलंय का एवढं पोरांना बघायला सांगा, रबर राहिलं की पावसाळ्यात आत वाफ धरते आणि रिफ्लेक्टरची चकाकी जाते, मग कुठलाही बल्ब घाला उपयोग नाही.

ज्यांच्या गाडीला कंपनीचेच एलईडी आहेत त्यांना मी काही बोलत नाहीये, ते त्याच हिशोबाने बनवलेले असतात. पण त्यांचाही फोकस बिघडतो, मागे पाच माणसं आणि डिकीत बाजार भरला की गाडीचं नाक वर होतं, त्यासाठीच तो डायल असतो, शून्य ते तीन, आणि तो कशासाठी असतो हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं असं मी विचारून बघितलंय आमच्या भागात. गाडी द्यायला आलात की एक मिनिट दाखवा ना गिऱ्हाईकाला. तसंच पुढची काच आतून पुसायला सांगा, आत एक तेलकट थर धरतो, समोरचा उजेड त्यावर पसरतो आणि वय झालेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही. ह्याला पैसेही लागत नाहीत.

ट्रॅक्टरवाले पण तुमच्याकडेच येतात. मागे जो नांगरटीचा पांढरा लाईट बसवून देता तो वेगळ्या स्विचवर द्या आणि सांगा की रोडवर बंद ठेव बाबा, मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. आणि ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर टेप. ती ट्रॉली मला दिसली असती तर हे सगळं घडलंच नसतं, टेप काही फार महाग नाही, सीझन सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरमध्येच दुकानात भरून ठेवा आणि ट्रॅक्टरवाला हवा भरायला थांबला तरी त्याला लावून द्या. मी माझ्यापुरतं सुरू केलंय, गाडीत एक रोल असतो, ज्या वस्तीवर जातो तिथली ट्रॉली उभी दिसली की लावून येतो, कोणी नको म्हणालेलं नाही अजून.

आणि परिवहन खात्याला एवढंच मागणं आहे की पीयूसी काढायला प्रत्येक गाडी येतेच, तिथेच हेडलाईटचा फोकस बघायची सोय करा. खाजगी गाडीचा लाईट एकदा शोरूममधून निघाला की पंधरा वर्षांनी पासिंगला येईपर्यंत कोणी अधिकृतपणे बघतच नाही. धूर बघतो आपण, बघायलाच पाहिजे, पण डोळ्यात जाणारा लाईट बघत नाही. दंड नको, नुसतं तपासून स्क्रू फिरवून दिला तरी खूप झालं.

ते होईपर्यंत आपण करू. माझ्या दवाखान्याच्या मागे सपाट जागा आहे, भिंत पांढरी आहे, दहा मीटरवर जमिनीवर पट्टा मारून ठेवलाय, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर आहे. तुमच्यातल्या कोणाला पोरं शिकवायला पाठवायची असतील, किंवा कोणाला नुसती आपली गाडी बघून घ्यायची असेल तर अंधार पडल्यावर या, कॉलवर गेलो नसेन तर मी तिथेच असतो. भिंतीवरची खडूची खूण दर पावसात पुसते, ती मी परत करून ठेवतो.

तुमचाच,
पाटण खोऱ्यातला एक गुरांचा डॉक्टर